मेथचं व्यसन आणि औषधांच्या चाचण्या: १३.६ टक्के म्हणजे नक्की किती?

दारू सोडायला मदत करणारी औषधं आहेत. हेरॉइनसारख्या ओपिऑइडच्या व्यसनासाठी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आहेत, सिगरेटसाठी निकोटिनचे पॅच आणि व्हॅरेनिक्लिन आहेत. मेथॲम्फेटामिनच्या, म्हणजे इथे सगळे ज्याला नुसतं ‘मेथ’ म्हणतात त्याच्या व्यसनासाठी मात्र अमेरिकेच्या एफडीएने एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. ‘ब्रेकिंग बॅड’ पाहिलेल्या प्रत्येकाला मेथ कसं बनतं याची ढोबळ कल्पना असते. ते सुटतं कसं, यावर मालिका काढायला कुणी पुढे येत नाही, आणि शास्त्रज्ञांनाही ते नीट ठाऊक आहे असं म्हणवत नाही.

विषय लहान नाही. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत कोकेन सोडून इतर उत्तेजकांशी (यात मुख्यतः मेथच येतं) संबंधित ओव्हरडोसचे मृत्यू ३२ हजारांच्या वर गेले. त्याच वर्षाच्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले आणि मथळे झळकले: मेथच्या व्यसनावर औषधांची जोडी सापडली. आत वाचलं की आकडा दिसायचा १३.६ टक्के. माझ्या ओळखीतल्या एका डॉक्टरांची प्रतिक्रिया होती, “एवढंच?” दुसऱ्या एकांची होती, “इतकं?” दोघांचंही बरोबर होतं, आणि ते कसं हे कळायला चाचणी आतून पाहावी लागते. आज तेच करू.

आधी मेथ मेंदूत काय करतं ते थोडक्यात. चेतापेशी डोपामिन हे रसायन छोट्या पिशव्यांत भरून ठेवतात, गरजेपुरतं बाहेर सोडतात आणि काम झालं की ‘ट्रान्सपोर्टर’ नावाच्या प्रथिनाच्या वाटेने परत आत ओढून घेतात. मोरीच्या जाळीवर फडकं अडकलं की पाणी तुंबतं, तसं कोकेनचं असतं: ते ही परतीची वाट अडवतं, म्हणून बाहेर डोपामिन साठतं. मेथ याच्या पुढे जातं. ते त्याच वाटेने पेशीत शिरतं, पिशव्यांतलं डोपामिन पेशीत मोकळं करतं आणि ट्रान्सपोर्टर उलटा चालायला लावतं. म्हणजे टाकीही रिकामी होते आणि मोरीतून पाणी उलटं वर येतं. शिवाय कोकेनची रक्तातली पातळी साधारण तासाभरात निम्मी होते, मेथला त्यासाठी दहा-बारा तास लागतात.

यातून औषध शोधणाऱ्यांची पंचाईत होते. हेरॉइन एका ठरावीक ग्राहीवर, म्हणजे रिसेप्टरवर जाऊन बसतं. ते कुलूप आहे असं समजा. मेथाडोन ही त्याच कुलपात बसणारी, पण संथपणे फिरणारी किल्ली. मेथच्या बाबतीत असं एक कुलूप नाही. ते पेशीची डोपामिन साठवण्याची आणि परत घेण्याची सगळी व्यवस्थाच विस्कटतं. नोरा व्होल्कॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये मेंदूच्या पेट स्कॅनवरून दाखवलं, की मेथ घेणाऱ्यांमध्ये हे ट्रान्सपोर्टर कमी झालेले असतात. वर्षभराहून अधिक काळ मेथपासून दूर राहिलेल्या मोजक्या लोकांत ते पुन्हा वाढलेले दिसले, पण स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या परीक्षेतली कामगिरी तेवढी सुधारली नव्हती. मेंदू सावरतो, पण महिन्यांच्या हिशेबाने. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याला आपण काय सांगतो? पहिल्याच आठवड्यापासून, म्हणजे मेंदू सगळ्यात थकलेला असतो तेव्हा, आठवड्यातून दोनदा वेळेवर क्लिनिकमध्ये ये, गोळ्या न चुकता घे, अर्ज भर आणि लघवीचा नमुना दे.

त्यामुळे या क्षेत्रात अपयशाची रांग मोठी आहे. मोडाफिनिल चाललं नाही. ऑस्ट्रेलियातल्या ‘एन-आइस’ चाचणीत १५३ लोकांना १२ आठवडे एन-ॲसिटिलसिस्टिन किंवा प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. फरक पडला नाही. ब्युप्रोपियॉन हे नैराश्यावरचं आणि सिगरेट सोडण्याचं औषध एकटं देऊन पाहिलं, तर त्याचा थोडाफार उपयोग मेथ कमी वापरणाऱ्यांतच दिसला. नालट्रेक्सोन हे ओपिऑइड ग्राही अडवणारं औषध स्वीडनमध्ये ॲम्फेटामिनच्या व्यसनात उपयोगी पडल्याचं २००८मध्ये दिसलं होतं, पण पुढे मेथसाठी ते एकटं वापरल्यावर तसा फायदा मिळाला नाही.

मग दोन्ही एकत्र दिली तर? कल्पना अगदीच हवेतली नव्हती. मेथ सोडल्यावर जो उदासपणा आणि मरगळ येते ती ब्युप्रोपियॉनने कमी व्हावी, आणि नालट्रेक्सोनने मेथची ओढ कमी व्हावी, असा तर्क होता. (याच दोन औषधांची एकत्रित गोळी अमेरिकेत २०१४पासून वजन कमी करण्यासाठी मिळते. खाण्याची ओढ आणि नशेची ओढ मेंदूत फार लांब राहत नाहीत.) या तर्कावर ‘अडॅप्ट-२’ नावाची चाचणी उभी राहिली. प्रमुख होते टेक्सासमधल्या यूटी साउथवेस्टर्नचे डॉ. मधुकर त्रिवेदी. एकूण ४०३ जण, वय १८ ते ६५. आधीच्या ३० दिवसांत किमान १८ दिवस मेथ घेतलेलं असणं ही अट होती. प्रत्यक्षात आलेल्यांची सरासरी २७ दिवसांच्या आसपास होती. म्हणजे शनिवार-रविवारची मौज करणारी ही मंडळी नव्हती, जवळजवळ रोज घेणारे लोक होते. औषध गटाला नालट्रेक्सोनचं ३८० मिलिग्रॅमचं लांब टिकणारं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी (एरवी ते चार आठवड्यांनी देतात) आणि ब्युप्रोपियॉन रोज ४५० मिलिग्रॅम. दुसऱ्या गटाला दोन्हींची प्लासिबो रूपं.

आता आखणी पाहा, कारण गंमत तिच्यात आहे. नेहमीच्या चाचणीत लोकांचे दोन समान गट करतात आणि शेवटी तुलना करतात. इथे पहिल्या टप्प्यात मुद्दाम असमान वाटणी केली: १०९ जणांना औषध, २९४ जणांना प्लासिबो. सहा आठवड्यांनी निकाल. मग प्लासिबो गटातल्या ज्यांना काहीच फरक पडला नव्हता अशांपैकी २२५ जणांची नव्याने चिठ्ठी काढली: ११४ जणांना औषध, १११ जणांना पुन्हा प्लासिबो. आणखी सहा आठवडे, पुन्हा निकाल. असं करण्याचं कारण असं, की व्यसनाच्या चाचण्यांत नुसत्या क्लिनिकमध्ये येण्याने, कुणीतरी विचारपूस करण्यानेही काही लोक सुधारतात. दुसऱ्या टप्प्यात अशी माणसं आधीच बाजूला झालेली असतात, त्यामुळे औषधाचा स्वतःचा परिणाम असेल तर तो अधिक स्पष्ट दिसतो. शिवाय तेवढ्याच माणसांतून जास्त माहिती मिळते.

‘यश’ कशाला म्हणायचं तेही आधी ठरवलेलं होतं. प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत लघवीचे चार नमुने घ्यायचे. त्यातले किमान तीन मेथमुक्त असले तर ती व्यक्ती यशस्वी. मेथ लघवीत दोन ते चार दिवस सापडतं, म्हणून आठवड्यातून दोनदा तपासणी.

आकडे असे आले. पहिल्या टप्प्यात औषध घेणाऱ्या १०९ पैकी १८, म्हणजे १६.५ टक्के यशस्वी. प्लासिबोत २९४ पैकी १०, म्हणजे ३.४ टक्के. दुसऱ्या टप्प्यात औषधावर ११४ पैकी १३, म्हणजे ११.४ टक्के, प्लासिबोत १११ पैकी २, म्हणजे १.८ टक्के. दोन टप्प्यांना ०.४३ आणि ०.५७ असं वजन देऊन सरासरी काढली. कागद घेऊन करून पाहा: १६.५ गुणिले ०.४३ अधिक ११.४ गुणिले ०.५७, उत्तर १३.६. तसंच प्लासिबोचं २.५. म्हणजे मथळ्यातले ‘१३.६ टक्के’ असा कुठला गटच चाचणीत नव्हता. ती दोन वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांची भारित सरासरी आहे: एक नव्याने आलेले, आणि दुसरे सहा आठवडे प्लासिबो घेऊनही जागचे न हललेले. दुसऱ्यांचा आकडा कमी येणार हे उघड आहे.

दोन सरासरींतला फरक ११.१. शंभराला त्याने भागलं की नऊ येतात: साधारण नऊ जणांना हे उपचार दिले तर प्लासिबोच्या तुलनेत एक जण जास्त यशस्वी होतो. हे ऐकून पहिल्या डॉक्टरांसारखं “एवढंच?” वाटणं साहजिक आहे. पण तुलनेसाठी, दारूसाठी रूढ असलेल्या नालट्रेक्सोनच्या गोळीचा हाच आकडा घ्या. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, एका माणसाला पुन्हा बेसुमार पिण्यापासून वाचवायला ती गोळी साधारण १२ जणांना द्यावी लागते. तिला आपण मान्यताप्राप्त उपचार म्हणतो. ज्या आजारात आजवर जवळजवळ शून्यच हाती लागत होतं तिथे नवातून एक, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं “इतकं?”.

माझं मत विचाराल तर निकाल खरा आहे, पण मथळ्यांनी त्याच्या आजूबाजूच्या तीन गोष्टी गाळल्या. प्रत्येक टप्पा सहा आठवड्यांचा होता; मेंदू सावरायला लागणाऱ्या काळाच्या मानाने हा पलक झपकण्याइतका वेळ. दुसरं, दोन आठवड्यांत चारपैकी तीन नमुने स्वच्छ असणं म्हणजे व्यसन सुटणं नव्हे. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. नालट्रेक्सोन ओपिऑइड ग्राही अडवतं, त्यामुळे शरीरात ओपिऑइड असलेल्या माणसाला ते दिलं तर तिथल्या तिथे तीव्र विथड्रॉवल सुरू होतं. ओपिऑइड घेणाऱ्यांना म्हणूनच या चाचणीत जागा नव्हती. पण आज अमेरिकेत मेथशी संबंधित मृत्यूंपैकी मोठ्या संख्येत सोबत फेंटानिलही सापडतं. ज्यांचा जीव सगळ्यात जास्त धोक्यात आहे, त्यांनाच ही जोडी देता येत नाही.

(नावाच्या गोंधळाबद्दल एक सूचना. नालट्रेक्सोन आणि नालोक्सोन वेगळी. नालोक्सोन म्हणजे ओपिऑइडच्या ओव्हरडोसमध्ये श्वास परत आणणारा नाकातला फवारा. २०२३पासून तो अमेरिकेत चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी आहे. मेथ घेणाऱ्यांच्या जवळपासही तो असावा, कारण पुडीत फेंटानिल आहे की नाही हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. मेथचा परिणाम मात्र त्याने उतरत नाही.)

आता दुसऱ्या मुद्द्याकडे थोडं वळून येऊ, कारण मोजपट्टीचा प्रश्न या एका चाचणीपुरता नाही. समजा एक बाई महिन्यातले २७ दिवस मेथ घेत होती आणि उपचारानंतर आठवड्यातून एकदा घेते. ती पुन्हा कामावर जाते, मुलांचा डबा भरते. तिचे चारपैकी दोन नमुने पॉझिटिव्ह आले, तर ‘यश’ या रकान्यात ती शून्य. अशा अभ्यासांत न दिलेला नमुनाही सहसा पॉझिटिव्ह धरतात. बस चुकली म्हणून आली नाही तरी शून्य. उत्तेजकांच्या व्यसनावरच्या १३ चाचण्यांतल्या २,०६२ लोकांची माहिती एकत्र करून केलेलं एक विश्लेषण २०२४च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालं. मेथ किंवा कोकेन पूर्ण न सोडता महिन्यातून पाच किंवा अधिक दिवसांवरून चार किंवा कमी दिवसांवर आलेल्यांत, काहीच न बदललेल्यांच्या तुलनेत नशेची ओढ ६० टक्क्यांनी आणि नैराश्याची तीव्रता ४० टक्क्यांनी घटलेली होती. पूर्ण सोडलेल्यांना अर्थात आणखी फायदा. ऑक्टोबर २०२३मध्ये एफडीएने औषध कंपन्यांसाठी जो मसुदा काढला, त्यातही पूर्ण बंद होण्याशिवाय वापरातला बदल मोजण्याची वाट उघडी ठेवली आहे. ‘फसलेल्या’ म्हणून फडताळात गेलेल्या काही चाचण्या या मोजपट्टीने पुन्हा तपासल्या, तर काय दिसेल याची मला उत्सुकता आहे.

इतका वेळ औषधांबद्दल बोललो, पण मेथच्या व्यसनावर सगळ्यात भक्कम पुरावा ज्या उपचाराचा आहे तो औषध नाहीच. त्याचं नाव कंटिंजन्सी मॅनेजमेंट. सोपं करून सांगायचं तर: लघवीचा नमुना स्वच्छ आला की लगेच, तिथल्या तिथे, छोटं बक्षीस. व्हरमॉन्ट विद्यापीठातल्या स्टीफन हिगिन्स यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनसाठी कुपनं देऊन हे करून पाहिलं. ते महाग पडतं अशी तक्रार होती, म्हणून नॅन्सी पेट्री या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सोडतीची पद्धत काढली. एका भांड्यात ५०० चिठ्ठ्या. २५० चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी, २०९वर डॉलरभराचं बक्षीस, ४०वर वीस डॉलरचं, आणि एका चिठ्ठीवर शंभर डॉलरचं. हिशेब केला तर एका चिठ्ठीची सरासरी किंमत सव्वादोन डॉलरसुद्धा नाही. नमुना स्वच्छ आला की चिठ्ठी काढायची. सलग स्वच्छ येत गेले की चिठ्ठ्यांची संख्या वाढत जाते. एक पॉझिटिव्ह आला की पुन्हा एकापासून सुरुवात.

हे वाचून आपल्याकडच्या बहुतेकांना दहावीत पहिला नंबर आलास तर सायकल घेऊन देऊ, हे आठवेल. फरक नीट बघा. सायकल वर्षभराने मिळणार, तीही मिळाली तर. आणि पहिला नंबर एकाचाच येतो. व्यसनात अडकलेल्या मेंदूला लांबची बक्षिसं फार फिकी दिसतात. तब्येत सुधारेल, नोकरी टिकेल, मुलं परत बोलायला लागतील: हे सगळं खरं आहे, पण कधीतरी. मेथ आत्ता आहे. म्हणून समोर ठेवायची गोष्टही आत्ताची, नक्की मिळणारी आणि हातात धरता येणारी लागते, मग ती एक डॉलरची का असेना.

मेथसाठी याची चाचणी २००६मध्ये प्रसिद्ध झाली. ११३ जण, १२ आठवडे. सगळ्यांना नेहमीचं समुपदेशन, निम्म्यांना वर सोडत. संपूर्ण १२ आठवडे मेथपासून दूर राहिलेले लोक नुसत्या समुपदेशनात ६ टक्के होते, सोडतीच्या गटात १८ टक्के. मोजपट्टी वेगळी आहे, त्यामुळे हे १८ आणि अडॅप्टचे १३.६ शेजारी ठेवून कोण जिंकलं म्हणता येणार नाही. पण ही पट्टी जास्त कडक आहे एवढं लक्षात घ्या. २०१८मध्ये कोकेन आणि ॲम्फेटामिनवर्गीय व्यसनांवरच्या ५० चाचण्यांचा, सुमारे सात हजार लोकांचा आढावा आला. त्यात बोलण्याच्या आणि वर्तनाच्या बारा उपचारपद्धतींची तुलना होती. सगळ्यात पुढे निघाली ती बक्षिसाची पद्धत, माणसाचं काम, घर, छंद पुन्हा बांधून देणाऱ्या सामुदायिक उपचाराच्या जोडीने. बक्षिसं थांबल्यावर परिणाम ओसरतो हे खरं आहे. नंतरच्या वर्षभरात फायदा उरलेला दिसतो, पण लहान. रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाब वाढतो, तेव्हा मात्र आपण गोळी कुचकामी होती असं म्हणत नाही.

इतकं असून हे उपचार सहज मिळत नाहीत. कारण एक, “व्यसनी लोकांना पैसे कशाला द्यायचे?” ही भावना, मराठी मंडळाच्या जेवणावळीत विषय काढून पाहा, पुढचं वाक्य हेच येईल. दुसरं कारण कायद्याचं. रुग्णाला पैसे किंवा भेटी देऊन दवाखान्यात ओढण्याचे गैरप्रकार रोखायला अमेरिकेत नियम आहेत, त्यांच्या भीतीने दवाखाने बक्षिसांपासून लांब राहिले. केंद्राच्या अनुदानातून चालणाऱ्या कार्यक्रमांत बरीच वर्षं एका रुग्णामागे वर्षाला ७५ डॉलर ही मर्यादा होती. ज्या चाचण्यांत परिणाम दिसला त्यांत याच्या कित्येक पट रक्कम वापरलेली होती. अर्धी गोळी देऊन ताप उतरला नाही म्हणायचं, तसं हे. तिसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही: चिठ्ठ्यांच्या भांड्याचं पेटंट कुणाकडे नाही, त्यामुळे ते विकायला दारोदार फिरणारा प्रतिनिधीही नाही.

चित्र थोडं हलतंय. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी २०११पासून ही पद्धत आपल्या दवाखान्यांत नेली. मी राहते त्या कॅलिफोर्नियात २०२३पासून मेडिकॅल या सरकारी विम्यातून ती मिळू लागली. असा खर्च विम्यातून करायला केंद्राची परवानगी मिळवणारं हे पहिलं राज्य. २४ आठवड्यांचा कार्यक्रम आणि वर्षाला जास्तीत जास्त ५९९ डॉलर. ६०० का नाहीत? कारण २०२५पर्यंतच्या नियमानुसार ६००पासून ते उत्पन्न म्हणून कर खात्याला कळवण्याची भानगड सुरू व्हायची.

औषधांच्या आघाडीवर आता लक्ष मेथाडोनसारख्या पर्यायी औषधाच्या कल्पनेकडे आहे: मेथच्या जागी त्याच जातीचं, पण हळू चढणारं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचं औषध. लिसडेक्सॲम्फेटामिन हे एडीएचडीसाठी वापरलं जाणारं औषध ऑस्ट्रेलियातल्या ‘लिमा’ चाचणीत १६४ जणांवर रोज २५० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे नेहमीच्या कमाल मात्रेच्या कितीतरी वर, तपासलं गेलं. शेवटच्या चार आठवड्यांचा हिशेब, जो आधीच मुख्य निकष म्हणून ठरला होता, त्यात दोन गटांत ठाम फरक दिसला नाही. पण पूर्ण बारा आठवडे मोजले तर औषध गटाने मेथ कमी दिवस घेतलं होतं. पुन्हा पट्टीचाच प्रश्न. स्वीडनमधल्या ॲम्फेटामिन आणि मेथच्या व्यसनाच्या सुमारे चौदा हजार रुग्णांच्या नोंदींवरून २०२२मध्ये असं दिसलं, की लिसडेक्सॲम्फेटामिन चालू असतानाच्या काळात रुग्णालयात भरती होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं. नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, कारण ज्यांना डॉक्टर हे औषध विश्वासाने लिहून देतात ते रुग्ण मुळातच थोडे सावरलेले असू शकतात. पण रुग्णालय आणि मृत्यू या गोष्टी मोजायला लघवीच्या बाटलीची गरज पडत नाही, आणि पुढच्या चाचण्यांत ज्या पट्ट्या लावून पाहायला हव्यात त्यांत या दोन माझ्या यादीत पहिल्या आहेत.